चादरीमागची कुस्ती

बॉक्सिंगमधलं मला काहीही कळत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मिरजेत वाढलेल्या माणसाला कुस्ती कळते. हातात उशीएवढे मोजे घालून दुसऱ्याच्या नाकावर मारायचं, तो पडला की पंचानं आकडे मोजत त्याला उठायला सवड द्यायची, हा प्रकार आमच्या तालमीत कुणी खपवून घेतला नसता. तरीही प्लेनोमधल्या माझ्या घराच्या परसात मी साऱ्या जगात गाजलेली एक बॉक्सिंगची लढत भरवली. भरवली म्हणजे फक्त दाखवली. पण त्यापायी मला जे सोसावं लागलं ते पाहता ‘भरवली’ म्हणायचा हक्क मी कमावलेला आहे.

लढत अशी होती. एका बाजूला साठीला टेकलेला, एके काळचा जगज्जेता. दुसऱ्या बाजूला इंटरनेटवर स्वतःचे व्हिडिओ टाकून कोट्यधीश झालेला, तिशीही न गाठलेला पोरगा. साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी थेट प्रक्षेपण. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या आम्हा निवृत्त मंडळींत दुसरा विषय नव्हता, आणि आम्ही सगळे एकमुखानं म्हाताऱ्याच्या बाजूचे होतो. पलीकडच्या गल्लीतला राजीव तेवढा पोरग्याच्या बाजूनं बोलायचा. पण राजीव अजून नोकरीत आहे, त्यामुळे त्याचं मत आम्ही धरत नव्हतो.

आता विष्णूबद्दल सांगितलं पाहिजे, कारण हा सगळा खटाटोप त्याच्यासाठी होता. विष्णू आणि मी मिरजेत एका गल्लीतले. टेक्सासला तो माझ्यामागून वर्षभरानं आला, त्याच टेलिफोन कंपनीत लागला आणि त्यानं घरही माझ्या घरामागे दोन रस्ते सोडून घेतलं. जन्मभर हा माणूस बोलत आला. ऑफिसच्या मीटिंगमध्ये, रस्सा वाढताना, दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं असतानासुद्धा तो बोलायचा. दोन वर्षांपूर्वी मीनाक्षीवहिनी गेल्या आणि तो गप्प झाला. ‘हं’ आणि ‘बरं’ एवढ्यावर आला. शेवटी त्याची मुलगी सई जर्सी सिटीहून आली, घर विकलं गेलं आणि तिच्याच टॉवरमध्ये त्याच्यासाठी एक खोली ठरली. लढत शनिवारी होती आणि विष्णूचं विमान सोमवारी.

त्या आठवड्यात एकदा बागेत लढतीच्या गप्पा चालल्या असताना तो अचानक म्हणाला, “म्हातारा कितीचा आहे रे?”

मी फिरणं अर्धवट टाकून घरी आलो. माझी बायको वीणा भेंडी चिरत होती.

“विष्णू बोलला,” मी म्हटलं.

“काय बोलला?”

“म्हातारा कितीचा आहे विचारलं.”

वीणानं सुरी खाली ठेवली. “अहो, मग त्यांना दाखवा ती मारामारी. जायच्या आधी माणूस चार शब्द तरी बोलेल.”

वीणाच्या मनात होतं ते एवढंच, की विष्णूला बोलवावं, टीव्ही लावावा आणि वर साबुदाण्याचे वडे करावेत. तिथंच थांबलो असतो तर ही गोष्ट झाली नसती. पण माझ्या डोक्यात मिरजेचा गणपती घुसला.

आमच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर सिनेमा दाखवत. मध्यभागी दोन बांबूंवर पडदा. पडद्यापुढे मंडळाचे पदाधिकारी, त्यांच्या बायका, वयस्कर माणसं. आम्ही पोरं उशिरा पोचायचो, म्हणून पडद्याच्या मागे बसायचो. मागून सगळं उलटं दिसायचं. नायक डावखुरा, पाटीवरची अक्षरं उलटी, गाडी रस्त्याच्या भलत्या बाजूनं. विष्णू तर उलटी अक्षरं घडाघडा वाचायचा. आणि गणपतीतला सिनेमा म्हणजे मध्येच रीळ तुटणार किंवा वीज जाणार, हे ठरलेलं. मग अंधारात विष्णू उभा राहायचा आणि पुढचा सिनेमा स्वतः सांगायचा. त्याचा आवाज खणखणीत. कुस्तीच्या मैदानावर कर्ण्यातून ऐकलेलं वर्णन त्याला तोंडपाठ, त्यामुळे त्याच्या सिनेमात नायक खलनायकाला नेहमी धोबीपछाड घालायचा. एकदा तर वीज आली, खरा सिनेमा सुरू झाला आणि पडद्यापुढची माणसं ओरडली, “ते बंद करा, विष्ण्याचंच चालू द्या!” तो आवाज मला एकदा ऐकायचा होता. सोमवारनंतर तो कुठे ऐकणार होतो?

तेव्हा ठरलं. टीव्ही नाही, परसात पडदा आणि प्रोजेक्टर.

पडद्यासाठी मी दुकानातून सगळ्यात मोठी पांढरी चादर आणली. घरी उलगडली तर तिला चारी बाजूंनी इलॅस्टिक. ताणून बांधावी तर ती आपोआप गोळा व्हायची. दुसऱ्यांदा आणली ती पांढरी नव्हती, ‘आयव्हरी’ होती, आणि हा फरक फक्त वीणाला दिसला. शेवटी वीणानंच दोन साध्या चादरी मशीनवर जोडल्या. शिवण बरोबर मधोमध आली. ती म्हणाली, “एक इकडे उभा राहील, एक तिकडे. मधली रेघ ओलांडली की मारामारी. सोपं पडेल बघायला.”

ती चादर मी परसातल्या दोन ओकच्या झाडांना बांधून बघत होतो, तेवढ्यात मागच्या गल्लीतून कुत्रा फिरवत राजीव आला. राजीव आमच्या वसाहतीच्या घरमालक संघटनेच्या समितीवर आहे. गवत किती उंच वाढवायचं आणि दाराला कुठला रंग लावायचा हे ती समिती ठरवते. कुंपणाच्या फटीतून तो म्हणाला, “काका, हे काय? क्लोथ्सलाइन अलाउड नाही हं आपल्याकडे.”

“वाळत घातलेली नाही. पडदा आहे.”

“म्हणजे स्ट्रक्चर झालं. टेम्पररी स्ट्रक्चरला अप्रूव्हल लागतं.”

“अरे, चादर आहे ती!”

“मला कळतंय काका, पण कमिटीला काय सांगू? रस्त्यावरून दिसतेय. कोणी कम्प्लेंट केली तर?”

मी तीस वर्षं या देशातल्या टेलिफोनच्या तारांवरून लोकांची सुखदुःखं वाहून नेली. शहरंच्या शहरं जोडली. त्या माणसानं चादरीची लांबी, रुंदी, रंग आणि ‘उभारणीचा उद्देश’ लिहून अर्ज केला. उद्देशाच्या रकान्यात मी ‘करमणूक’ लिहिलं. राजीवनं ते खोडून ‘सांस्कृतिक’ लिहायला लावलं, कारण करमणुकीला शेजाऱ्यांची संमती लागते म्हणे. परवानगी आली ती एका संध्याकाळपुरती, आणि चादरीवर कुठलाही राजकीय मजकूर नसावा या अटीवर.

‘सांस्कृतिक’ या शब्दाचा परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. राजीवची बायको सुनेत्रा इथल्या मराठी मंडळाची खाद्यपेय प्रमुख आहे. तिचा फोन आला. “काका, तुम्ही कल्चरल प्रोग्रॅम ठेवलाय आणि मंडळाला कळवलं नाहीत? असू दे. मी पॉटलकचं बघते, कोण काय करून आणणार ते.”

मी म्हटलं, “अगं, आम्ही चौघंच आहोत.”

“आता तीस झालेत,” ती म्हणाली.

संध्याकाळी वीणा फ्रिजवरच्या कॅलेंडरपुढे उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. मग म्हणाली, “शनिवारी संकष्टी आहे.”

साऱ्या जगाच्या सोयीची तारीख काढणाऱ्यांनी टोकियो बघितलं, लंडन बघितलं, पण संकष्टी कुणी बघितली नाही. येणाऱ्या तीस जणांतल्या निम्म्यांचा कडक उपास. चंद्रोदयाशिवाय जेवण नाही. आणि चंद्रोदय कधी, यावर सुनेत्राच्या फोनवर दोन दिवस युद्ध पेटलं. कुणी मुंबईची वेळ पाठवली, कुणी न्यू जर्सीची. एका मावशींचं म्हणणं पडलं, की पुण्याच्या दगडूशेठला आरती झाली की इथे ताट घ्यायला हरकत नाही. शेवटी प्लेनोचा चंद्र पावणेनऊला उगवतो असं ठरलं. मुख्य लढतही साधारण तेव्हाच होती. सुनेत्रानं पॉटलकच्या यादीत ‘उपासाचं’ अशी दुरुस्ती केली आणि त्याबरोबर प्रत्येक घरानं खिचडी आणायचं ठरवलं.

शनिवारी संध्याकाळी परसात तीस माणसं, तीस घडीच्या खुर्च्या आणि सहा ट्रे साबुदाण्याची खिचडी जमली. टेक्सासचा वारा सुटला होता. चादर फुगली की पडद्यावरच्या निवेदिकेला दिवस गेल्यासारखं दिसायचं. मी चादरीच्या खालच्या कडेला पाण्याच्या बाटल्या बांधल्या. शेजारचा डेल, रेल्वेतून निवृत्त झालेला, सहा फूट उंचीचा टेक्सन, स्वतःची खुर्ची घेऊन कुंपणाच्या दारातून आला आणि त्यानं दोऱ्यांच्या माझ्या सगळ्या गाठी सोडून नव्यानं बांधल्या. गाठी चांगल्या होत्या.

सई विष्णूला घेऊन आली. तो पहिल्या रांगेत बसला. “बाबा, कानटोपी घाला. बाबा, मफलर कुठाय? बाबा, इकडे वारा लागतोय, तिकडे बसा.” विष्णूनं कानटोपी घातली, मफलर गुंडाळला, तिकडे बसला. आणि बोलला नाही. मी त्याच्याकडे दर दोन मिनिटांनी बघत होतो. पडद्याकडे बघून त्याला मिरज आठवेल असं मला वाटलं होतं. त्यानं पडद्याकडे बघितलं आणि ‘बरं’ म्हणाला.

आधीच्या छोट्या लढती झाल्या. मग पडद्यावर दिवे मंदावले, धूर निघाला, म्हातारा आला. त्याच्या गुडघ्याला पट्टा होता. आमच्या सगळ्यांच्या गुडघ्यांना आहेत. परसात असा जल्लोष झाला की राजीवनं दोन्ही हातांनी ‘हळू, हळू’ केलं. पोरगा आला, त्याच्या अंगावर नुसती चित्रंच चित्रं. घंटा झाली. दोघं जवळ आले. म्हाताऱ्यानं उजवा हात उगारला.

आणि चित्र थांबलं.

मधोमध एक गोल फिरू लागला.

दहा सेकंदांत तीसही जण इंजिनीअर झाले. “राउटर बंद करून चालू करा.” “काका, राउटर घरात, प्रोजेक्टर बाहेर, सिग्नल कसा येणार?” “कुठलं राउटर आहे? अरे बापरे, हे अजून चालतं?” “भिंत पाडायला हवी होती.” एका गृहस्थानं मला हळूच विचारलं, “तुम्ही टेलिकॉममध्येच होतात ना?” मी राउटर हातात धरून, त्याची वायर ओढत, दिवाणखान्यातून परसाच्या पायरीपर्यंत आलो आणि आरती ओवाळल्यासारखं ते वर धरून उभा राहिलो. गोल फिरतच होता. पायरीवरच्या त्या क्षणाइतकं वाईट मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तेव्हा डेलनं फोन वर करून जाहीर केलं, की त्याचा मुलगा डेन्व्हरला आहे, त्याच्याकडेही अडकलंय. सुनेत्राची बहीण दुबईला, तिच्याकडेही. एवढ्या लोकांनी एकदम बघितल्यामुळे सगळ्या जगाचंच अडकलं होतं. माझ्या मनावरचा डोंगर उतरला. पण खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या होत्या, आणि सई म्हणत होती, “बाबा, निघू या का? थंडी वाढतेय.” विष्णू उठलासुद्धा. संपलं, मी मनात म्हटलं. सोमवारी विमानतळावर तो ‘बरं’ म्हणेल आणि जाईल.

एवढ्यात वीणानं पायरीवरून विचारलं, “अहो, चंद्र कुठंय?”

पावणेनऊ होऊन गेले होते. सगळ्यांनी पूर्वेकडे बघितलं. पूर्वेला माझी चादर होती. समितीनं मंजूर केलेल्या आकारात तिनं अख्खी पूर्व झाकली होती. उपाशी माणूस फार वेळ विचार करत बसत नाही. ताम्हन, निरांजन आणि अक्षता घेऊन वीणा चादरीमागे गेली, तिच्यामागून सुनेत्रा, मग मावश्या, मग आम्ही सगळेच, कुंपण आणि चादर यांच्यामधल्या गवतात दाटीवाटीनं. गल्लीपलीकडच्या दोन घरांच्या मधून चंद्र वर येत होता. बायकांनी ओवाळलं, हात जोडले. डेलनं टोपी काढली.

विष्णू माझ्या शेजारी उभा होता. नमस्कार करून तो वळला तर समोर चादर. तिच्यावर मागच्या बाजूनं म्हातारा, गोठलेला, हात हवेत. आणि तो हात आता डावा होता.

विष्णू बघत राहिला. मग त्यानं कानटोपी काढली.

“रव्या,” तो म्हणाला, “डावरा झाला की रे म्हातारा.”

मी म्हणालो, “विष्ण्या, रीळ तुटलंय.”

त्यानं माझ्याकडे बघितलं, गवताकडे बघितलं, आणि खाडकन मांडीवर शड्डू ठोकला. दोन वर्षं कुठे ठेवला होता तो आवाज कोण जाणे.

“ऐका मंडळी, ऐका! मिरजेच्या मैदानात आज शेवटची जोड लागलेली हाय! या अंगाला पोरगा. खुराक काय, तर डब्यातली पावडर! त्या अंगाला म्हातारा. पाठ धरलीया, गुडघा वाजतोय, सकाळी उठताना आई गं म्हणतोय. पण शड्डू ऐका त्याचा, शड्डू! सलामी झाली. खडाखडी चाललीया. पोरगा आत घुसला, पट काढाय बघतोय. म्हातारा मागं सरला. हसू नका कुणी! म्हातारा माणूस मागं सरतो तो जागा बघून सरतो!”

चादरीवरचा म्हातारा जागचा हलत नव्हता. पण आम्हा सगळ्यांना तो हललेला दिसत होता. मावश्यांच्या हातात निरांजनं तशीच होती. डेलला एक अक्षर कळत नव्हतं, तरी तो मुठी आवळून “कमॉन, ओल्ड मॅन!” ओरडत होता. सई माझ्या बाहीला धरून कुजबुजली, “काका, हे बाबा आहेत?”

“हेच बाबा आहेत,” मी म्हटलं.

“लोकं म्हणत्यात, म्हातारबा, झालं आता, घरी जावा. लेकीकडं जावा.” विष्णू थांबला. त्याचा आवाज जरा खाली आला. “जाणार हाय. लेक गुणाची हाय, तिच्याकडं जाणार हाय. सामान बांधून झालंय. पण कुस्ती अर्धी टाकून जाणार न्हाई, मंडळी!” आणि एकदम चढ्या पट्टीत, “आला, पोरगा पुन्हा आत आला! म्हाताऱ्यानं मनगट धरलं, पायात पाय घातला, ढाक लावली, ढाक! उचलला, फिरवला, चीऽऽतपट! आस्मान दाखवलं!”

जो आरडाओरडा झाला त्यात पहिला आवाज समितीच्या राजीवचा होता. डेलनं विष्णूला मिठी मारली. विष्णूनं ती ढाक आधी त्याला हातवारे करून समजावली, मग समाधान होईना म्हणून त्याच्याच पायात पाय घालून दाखवली. “इज दॅट लीगल?” डेलनं गवतात बसकण मारत विचारलं. सई एका हातानं डोळे पुसत आणि दुसऱ्या हातानं “बाबा, कंबर! बाबा, कंबर सांभाळा!” करत त्यांच्याभोवती फिरत होती.

खिचडी आणायला म्हणून मी चादरीच्या पुढच्या बाजूला गेलो. राजीव माझ्या आधीच तिथे पोचला होता. आणि चित्र सुरू झालं होतं; मागच्या गोंधळात तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खरी लढत आटोपली होती. पंच पोरग्याचा हात वर करत होता. म्हातारा एका कोपऱ्यात उभा होता, दमलेला, हसत. मी पुढचं बघायच्या आत राजीवनं हातातली कागदी प्लेट प्रोजेक्टरच्या भिंगापुढे धरली. चादर कोरी झाली. पोरग्याच्या बाजूचा तो एकटा होता, आणि तो जिंकला होता.

“नेट परत गेलं का रे?” चादरीमागून विष्णूनं विचारलं.

“गेलं, काका,” राजीव ओरडला. “आज काही येत नाही आता. तुमचंच चालू द्या.”

मग विष्णूनं अजून दोन कुस्त्या लावल्या. सहाही ट्रे खिचडी संपली. राजीवला मी त्या दिवसापासून आमच्यात धरतो.

सोमवारी विमानतळावर विष्णू इतका बोलत होता की सईनं त्याला सिक्युरिटीच्या रांगेत ढकलत नेलं. मी हात हलवत राहिलो. घरी येताना हायवेवर मला रडू आलं, पण ते वीणाला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. तिनं चादर धुऊन, घडी करून कपाटात ठेवली होती.

परवा त्याचा फोन आला. चौतिसाव्या मजल्यावरून नदी दिसते म्हणाला. सई फार बघते म्हणाला. मग म्हणाला, “इथलं नेट लई फास्ट आहे रे, रव्या. काल पोरीनं सिनेमा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाही अडकला नाही.”

“मग बरंच आहे की,” मी म्हटलं.

“हं,” तो म्हणाला.

राजीवनं मला नव्या राउटरची माहिती पाठवली होती, ती समोर संगणकावर उघडी होती. मी ती बंद केली.

“तुझं ते जुनं राउटर आहे का अजून?” विष्णूनं विचारलं.

“तेच आहे. अडकतं सारखं.”

“मग गणपतीत येतो,” तो म्हणाला.